कुठून निघालात?

स्पेनमधल्या सान्तियागो शहराकडे जाणाऱ्या यात्रेच्या वाटेवर, म्हणजे कामिनोवर, ओळख व्हायला नाव लागत नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठून निघालात? तुमचं उत्तर ऐकून समोरचा मनातल्या मनात तुमचा पाट कुठे मांडायचा ते ठरवतो. फ्रान्सच्या हद्दीतलं सेंट-जाँ म्हणालात तर भुवया वर जातात. तिथून पिरनीजचे डोंगर ओलांडावे लागतात आणि सान्तियागो जवळपास ७८० किलोमीटर राहतं. वाटेत मधे लागणारं लेओन म्हणालात तर मान डोलते. सारिया म्हणालात तर नुसतं 'छान, छान'. सारियापासून उरतात जेमतेम ११५ किलोमीटर. यात्रेचं प्रमाणपत्र हवं असेल तर पायी निदान १०० किलोमीटर चालावे लागतात, म्हणून सर्वांत जास्त गर्दी तिथूनच सुरू होते.

ही उतरंड एवढ्यावर थांबत नाही. पाठीवर सगळं ओझं वाहणारा बॅग गाडीने पुढे पाठवणाऱ्याला हसतो, आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, झोपणारा हॉटेलवाल्याला नाक मुरडतो आणि सायकलवाल्याला तर कुणी धरतच नाही. मी सेंट-जाँ आणि लेओनच्या मधल्या बुर्गोसहून निघाले होते. मधली पायरी असल्यामुळे वर आणि खाली दोन्हीकडे बघायची सोय होती, आणि मी ती पुरेपूर वापरली.

खरी गंमत पुढेच आहे. ही वाट ज्याच्या कबरीकडे जाते, तो सान्तियागो म्हणजे येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा याकोब. मानाची जागा मागणारा तोच. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात तो आणि त्याचा भाऊ योहान येशूकडे सरळ मागणी करतात: तुमच्या गौरवात आम्हाला एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसू द्या. मत्तयात तीच मागणी त्यांची आई करते. उरलेले दहा शिष्य हे ऐकून संतापले. का संतापले असतील? मला नेहमी वाटतं, त्यांच्या मनातली जागा या दोघांनी आधी मागून टाकली म्हणून. येशू त्या बाराही जणांना जवळ बोलावतो आणि सांगतो की ज्याला पहिलं व्हायचंय त्यानं सगळ्यांचं दास व्हावं. खुर्चीबद्दल विचारलेल्या प्रश्नाला त्याचं उत्तर एका प्याल्याचं असतं: मी पिणार तो प्याला तुम्हाला प्यायला जमेल? दोघे म्हणतात, जमेल. चटकन म्हणतात. हा याकोब मला फार ओळखीचा वाटतो.

बुर्गोसच्या पुढे मेसेता लागतं. गव्हाचं पठार, सावली नाही, रस्ता सरळ. इथे लोकांची तोंडं मिटतात आणि आकडे सुरू होतात. आज किती झाले, उद्या किती करणार. एक धिप्पाड गृहस्थ जेवणाच्या टेबलावर रोज आपले किलोमीटर मोठ्यानं सांगायचे. मला ते ऐकताना लूकमधला मंदिरातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आठवायचा. त्याच्या प्रार्थनेतही आकडेच आहेत: आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दहावा भाग. शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराच्या प्रार्थनेत एकही आकडा नाही.

कास्त्रोखेरिसनंतर मोस्तेलारेसचा चढ चढून उतरलं की पिसुएर्गा नदीच्या अलीकडे सान निकोलास नावाची जागा आहे. तेराव्या शतकातलं यात्रेकरूंचं जुनं दगडी देऊळ, आत मोजक्या खाटा, आणि सांभाळ करणारे स्वयंसेवक एका इटालियन भ्रातृसंघाचे. रात्रीचं जेवण मेणबत्त्यांच्या उजेडात होतं. त्याआधी मात्र आलेल्या प्रत्येकाचे पाय धुतात. आम्ही वेदीजवळ अर्धगोलात बसलो. खांद्यावर शिंपले लावलेला छोटा अंगरखा घातलेला एक जण गुडघ्यांवर बसला, दुसऱ्यानं तांब्या धरला.

ते धिप्पाड गृहस्थ माझ्या शेजारीच होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, टाचेवर फुटलेला फोड आणि त्याभोवती आयोडीनचा तपकिरी डाग. 'घाण आहे,' ते इंग्रजीत म्हणाले. धुणाऱ्या माणसाला इंग्रजी येत होतं की नाही कोण जाणे. त्यानं काही समजावलं नाही. घंगाळावर हात धरून तो नुसता थांबला. बराच वेळ थांबला. शेवटी पाय पुढे आला. पाणी ओतलं, टॉवेलनं फोडाला धक्का न लावता टिपलं आणि त्या माणसानं वाकून पावलाचं चुंबन घेतलं. शेजारच्या गृहस्थांचे कान लाल झाले होते.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धूत होता, तेव्हा पेत्रानंही असाच पाय मागे घेतला होता. 'माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत' हे वाक्य ऐकायला किती नम्र वाटतं! पण आतून ते हुकूमच सोडतंय. माझ्या प्रभूनं कसं वागावं ते मी ठरवणार. दुसऱ्याचे पाय धुणं त्या मानानं सोपं आहे. त्यात आपण देणारे असतो, आणि देणाऱ्याची मान ताठ राहिली तरी कुणी हटकत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, भक्तीनं कमी आणि संकोचानं जास्त.

गालिसिया प्रांतात शिरताना ओ सेब्रेइरो हे गाव लागतं. वाटेवरचे पिवळे बाण सुरू केले ते इथल्याच पाद्रींनी, एलियास वालिन्या यांनी, १९८४ साली, रस्त्याच्या कामातून उरलेला पिवळा रंग घेऊन. चुकामूक होणाऱ्या वळणावर आज हजारो लोक त्या बाणाचे आभार मानतात. खाली कुणाची सही नसते.

सारियानंतर वाट जत्रेसारखी भरते. तिथून निघालेली एक साठीतली बाई दोन दिवस माझ्या मागेपुढे होती. खांद्याला फक्त पाण्याची बाटली, बॅग गाडीनं पुढे. इतरांना विचारलं तर ते 'सारियाहून' म्हणायचे आणि लगेच कारण जोडायचे: रजा नव्हती, पुढच्या वर्षी पूर्ण करणार आहोत. ही बाई नुसतं 'सारिया' म्हणायची आणि विचारणाऱ्याच्या पायांची चौकशी करायची. एका ओढ्याशी तिनं पँट वर दुमडली तेव्हा दिसलं, गुडघ्यावर वरपासून खालपर्यंत सरळ, अजून गुलाबी असलेला व्रण. तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सान्तियागोत यात्रेकरूंच्या कचेरीत मिळणारं प्रमाणपत्र लॅटिनमध्ये असतं आणि त्यावर अंतर नसतं. सेंट-जाँहून आलेल्याला आणि सारियाहून आलेल्याला अगदी तोच कागद. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यात दिवसभर राबलेले मजूर कुरकुरतात ते नेमकं यावरूनच: एक तास काम करणाऱ्यालाही तेवढीच मजुरी! आणि त्याच अध्यायात थोडं पुढे जब्दीच्या मुलांची आई येते.

ज्यांना चैन पडत नाही त्यांच्यासाठी कचेरीत वेगळे पैसे भरून अंतराचं प्रमाणपत्रही मिळतं. रांगेत माझ्या पुढचा एक जण ते नाकारत होता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी दोन्ही घेतली.

कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीच्या मागून पायऱ्या चढून याकोबाच्या पुतळ्याला मागून मिठी मारतात आणि मग खाली तळघरात चांदीच्या पेटीसमोर येतात. येशूनं विचारलेला तो मरणाचा प्याला त्यानं शेवटी प्यायला. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत ते एका ओळीत उरकलंय: हेरोद राजानं याकोबाला तलवारीनं मारवलं. स्तेफन या दुसऱ्या हुतात्म्याला त्याच पुस्तकात लांबलचक भाषण मिळतं, याकोबाला शेवटचा शब्दही नाही. त्या एका ओळीवर आपण एवढं मोठं कॅथेड्रल उभं केलं, आणि सोन्यानं मढवलेल्या वेदीच्या अगदी मधोमध त्याला बसवलं. आई बघायला असती तर खूश झाली असती. याकोबाचं मला सांगता येत नाही.