पोलो जीटीसाठी हलकी अलॉय चाकं: आधी वजनकाटा, मग इंच

फोक्सवॅगन पोलोचं चाकणमधलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण तिचं टर्बो पेट्रोल मॉडेल जीटी टीएसआय ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती जपून ठेवली आहे. रोज ऑफिसला तीच, रविवारी ताम्हिणीत तीच. या गाडीत पहिला बदल बहुतेक वेळा चाकांचा होतो आणि दुकानात बोलणं इंचांवरून सुरू होतं: "सोळा आहे ना, सतरा टाका, गाडी भरून दिसते." वजन विचारलं की चाक हातात उचलून "हलकंच आहे" असं उत्तर मिळतं. रोज चालवायच्या गाडीसाठी हा क्रम उलटा हवा. आधी वजन, मग टायरचं माप, आणि इंच सगळ्यात शेवटी.

घरातल्या वजनकाट्यावर आधी नुसतं स्वतः उभं राहा, मग मूळ चाक टायरसकट हातात घेऊन. वजाबाकी करा आणि आकडा लिहून ठेवा. नवीन जोडीचं, म्हणजे रिम आणि टायर मिळून, वजन याहून जास्त भरत असेल तर ती चाकं फक्त दिसण्यासाठी आहेत. त्यात वाईट काही नाही, पण मग त्यांना हलकी म्हणू नये.

वजन का मोजायचं? चाक पुढेही जातं आणि फिरतंही. त्यामुळे रिममधला एक किलो कमी झाला की वेग घेताना आणि ब्रेक लावताना गाडीला साधारण दीड किलो कमी झाल्याचा फायदा मिळतो. टायरच्या ट्रेडपाशी (रस्त्याला टेकणाऱ्या भागापाशी) हाच हिशेब जवळपास दोन किलोंवर जातो, कारण तिथलं वजन मध्यापासून सर्वांत लांब असतं. तरीही अपेक्षा माफक ठेवा. प्रत्येक चाकात दोन किलो वाचले तर चारांचे आठ, परिणामी बारा. अकराशे किलोंच्या आसपासच्या गाडीत हे एक टक्क्याच्या थोडं वर जातं. शून्य ते शंभरच्या वेळेत ते शोधायला जाऊ नका. खरा फायदा खराब रस्त्यावर आहे. चाक हलकं असलं की खड्ड्यावरून उडाल्यावर शॉक ॲब्सॉर्बर त्याला लवकर आवरतो आणि टायर पुन्हा रस्त्याला लवकर टेकतो. डागडुजी केलेल्या वळणावर स्टिअरिंग हातात स्थिर राहतं ते यामुळे.

आता सतरा इंचांचं बघू. कंपनीचं माप १९५/५५ आर१६ (टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत), टायरचा व्यास ६२१ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे बाजूच्या भिंतीची, उंची १०७. त्याजागी २०५/४५ आर१७ टाकलं तर व्यास ६१६, म्हणजे स्पीडोमीटरची अडचण नाही. पण साइडवॉल ९२ वर येते. पंधरा मिलिमीटर रबर गेलं आणि त्याजागी धातू आला, तोही परिघाजवळ. रिम साधी कास्ट असेल तर ही जोडी बहुतेकदा मूळपेक्षा जड निघते आणि पहिल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा रिमच्या कडेला थेट लागतो. आमचं मत स्पष्ट आहे: शहरात रोज फिरणाऱ्या पोलोला सतरा नको. हलकं सोळा घ्या, किंवा धाडस असेल तर पंधरा. जीटी टीएसआय सुरुवातीला १८५/६० आर१५ वरच यायची, त्यामुळे पंधरा इंच तिला परकं नाही. १९५/६० आर१५ चा व्यास ६१५ आहे, म्हणजे सोळाच्या मूळ टायरपेक्षा फक्त एक टक्का कमी, आणि साइडवॉल ११७. दिसायला साधं, पण आपल्या रस्त्यांवर याच्याइतकं समजूतदार माप दुसरं नाही. फक्त टायर चढवण्याआधी नुसती रिम बसवून पुढच्या कॅलिपरला (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाला) कुठे लागत नाही ना ते पाहा. प्रत्येक डिझाइनचा आतला आकार वेगळा असतो.

रिम तीन प्रकारच्या मिळतात. साध्या कास्ट रिममध्ये वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओततात. हवी तेवढी ताकद यायला धातू जाड ठेवावा लागतो. फ्लो फॉर्म्ड रिममध्ये मधला भाग आणि स्पोक कास्टच असतात, पण बॅरल (टायर बसतो तो रिमचा गोल पट्टा) गरम असताना रोलरने दाबून ताणतात. त्यामुळे बॅरल पातळ आणि चिवट होतो, म्हणजे वजन नेमकं बाहेरच्या बाजूचं कमी होतं. रोजच्या गाडीसाठी पैसे इथेच घालावेत. फोर्ज्ड रिम (धातू प्रचंड दाबाने दाबून घडवलेली) सर्वांत हलकी आणि सर्वांत महाग. जोराचा खड्डा लागला तर ती सहसा वाकते, कास्ट मात्र तडकते. तडकलेल्या रिमला वेल्डिंग करून पुन्हा रस्त्यावर आणू नका, भाव कितीही कमी सांगितला तरी.

नकली डिझाइनचा बाजार मोठा आहे. रेज या जपानी कंपनीच्या टीई३७ चं नाव १५ इंची, ६जे (म्हणजे ६ इंच रुंद) चाकाच्या ३.७ किलो वजनावरून पडलं आणि ते चाक फोर्ज्ड आहे. तेच सहा स्पोक दाखवणारी स्वस्त कास्ट रिम त्याच्या दुप्पट वजनाचीही असू शकते. रूप बघू नका, मागची बाजू बघा. तिथे रुंदी, ईटी (ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर, मिलिमीटरमध्ये) आणि जास्तीत जास्त भाराचा आकडा कोरलेला असतो. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही जपानी चाचणीची चिन्हं आहेत, मात्र नकली मालावर तीही कोरलेली सापडतात. म्हणून चिन्ह आणि वजन दोन्ही जुळलं पाहिजे. वजनकाटा दुकानात घेऊन जायला संकोच करू नका.

आता बसण्याचे आकडे. पोलोचा पीसीडी ५×१०० (पाच बोल्ट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर), हब बोअर, म्हणजे चाकाच्या मधल्या भोकाचा व्यास, ५७.१ मिलिमीटर. सुबारूचा पीसीडी हाच असला तरी तिचा बोअर ५६.१ असतो, त्यामुळे तिची मूळ चाकं पोलोच्या हबवर चढतच नाहीत. बाजारातल्या बऱ्याच रिमचा बोअर ७३.१ असतो. त्यात ७३.१ ते ५७.१ अशी हब रिंग (मधली फट भरणारी कडी) हवीच, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि साधारण ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. मग लोक पुन:पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात. रिंग ॲल्युमिनियमची घ्या. लांब घाट उतरताना ब्रेकच्या उष्णतेने स्वस्त प्लास्टिकची रिंग मऊ होऊन वेडीवाकडी होते.

ऑफसेट अंदाजाने घेऊ नका, हिशेब करा. समजा मूळ रिम ६जे, ईटी ४० आहे (खरा आकडा तुमच्या रिमच्या मागे वाचा). नवीन ७जे, ईटी ३८ घेतली तर चाक बाहेर १४.७ मिलिमीटर जास्त येतं आणि आत १०.७ मिलिमीटर जास्त जातं. तीच रिम ईटी ४३ मध्ये घेतली तर बाहेर ९.७, आत १५.७. बाहेर जास्त आलं की चार माणसं आणि सामान घेऊन स्पीडब्रेकरवर मागच्या आर्चला (चाकावरच्या कमानीला) टायर घासतो आणि खराब रस्त्यावर स्टिअरिंग ओढतं. आत जास्त गेलं की पुढच्या स्ट्रटशी (सस्पेन्शनच्या खांबाशी) जागा कमी पडते. ६.५जे रुंदी घेतली तर या बहुतेक कटकटी संपतात. १९५ चा टायर तिच्यावर अगदी नीट बसतो आणि रिमचं वजनही वाचतं.

सर्वांत धोक्याची चूक बोल्टांची असते. पोलोला नट नसतात, एम१४×१.५ चे बोल्ट असतात आणि कंपनीच्या बोल्टची बैठक (रिमला टेकणारा भाग) गोलाकार असते. बाहेरच्या बहुतेक रिमची बैठक ६० अंशांची शंकूसारखी असते. कंपनीचा बोल्ट तिथे घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर. काही दिवसांनी तो सैल होतो आणि भोक खाऊन टाकतो. म्हणून रिमच्या बैठकीप्रमाणे वीस नवीन बोल्ट घ्या. लांबीही तपासा. हाताने फिरवताना किमान सात-आठ पूर्ण फेरे हबमध्ये गेले पाहिजेत. फार लांब बोल्ट मागच्या ड्रममधल्या भागांना लागू शकतो, म्हणून गाडी जॅकवर असतानाच चाक हाताने फिरवून आवाज ऐका. शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) १२० न्यूटन-मीटर, एकाआड एक बोल्ट. हवेची गन फक्त उघडायला वापरू द्या. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

टायरमध्ये पकड आणि ओल्या रस्त्यावरचा ब्रेक आधी, दिखावा नंतर. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ पकडीला उत्तम, पण आवाज आणि खर्च दोन्ही वाढतात. रोजच्यासाठी मिशेलिन प्रायमसी ४एसटी, कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट किंवा योकोहामा ब्लूअर्थ-जीटी या वर्गातला टायर बघा. एकाच मापात ब्रँडनुसार किलोभराचा फरक पडतो, तोही विचारा. २०५/५५ आर१६ बरेच लोक टाकतात. ते सहज मिळतं आणि खड्ड्यांत बरं पडतं, पण व्यास ६३२ होतो, स्पीडोमीटर पावणेदोन टक्के कमी दाखवू लागतो आणि वाचवलेलं वजन परत येतं. पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर साचलेलं पाणी रुंद टायरला लवकर उचलतं, हेही विसरू नका.

लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. १९५/५५ आर१६ चा ८७, म्हणजे टायरमागे ५४५ किलो. १९५/६० आर१५ चा ८८, म्हणजे ५६०. साइडवॉलवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांहून जुना टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

बॅलन्सिंगला कडेवर ठोकायची वजनं नको, आतून चिकटवायची हवीत. बॅरल आधी नीट पुसायला सांगा, नाहीतर पहिल्याच धुलाईत ती पडतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या. अपघातात रिम गेली तर बिलासोबत हीच नोंद मागितली जाते.

आणि स्टेपनी. ती कंपनीच्या लोखंडी रिमची असेल तर तिला गोल बैठकीचेच बोल्ट लागतात, शंकूचे नाहीत. कंपनीचे पाच बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खड्ड्यात ठेवा, आणि नवीन बोल्टांना चोरीविरोधी चावी असेल तर ती त्याच पिशवीत.