फॅटचं भांडण आणि एक्सेलमधला शेवटचा आकडा

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या दूध सोसायट्यांत फॅटवरून कुरबुर होणं काही नवीन नाही. पण हे प्रकरण जरा पुढे गेलं होतं. एका सोसायटीने गर्बरच्या बाटल्या (ॲसिड घालून फॅट मोजायची जुनी पद्धत) बाजूला ठेवून नवीन अल्ट्रासॉनिक मशीन घेतलं, म्हणजे दूध ओतलं की मिनिटभरात फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सगळं स्क्रीनवर, आणि दर ठरतो तो त्यावरच, त्यामुळे पॉइंट एक इकडचा तिकडे झाला तरी बिलात कळतं. मी लॅबचं काम करते म्हणून मला बोलावलं. दारातच एक म्हातारे काका भेटले, म्हणाले, "बाय, मशीन आमकां फटयता." म्हणजे मशीन आम्हाला फसवतंय.

आत सचिव एकदम निवांत. "मॅडम, आम्ही चेक केलंय, फरक नाहीये, हे बघा एक्सेल."

चेक केलं होतं खरं, आणि बरंच नीट केलं होतं. आठ शेतकऱ्यांचं दूध, प्रत्येकाचा एकच नमुना ढवळून दोन भाग केले, एक गर्बरला, एक मशीनला. गर्बरचे आकडे ३.६, ४.०, ३.८, ४.२ या गाई, आणि ६.५, ७.०, ६.२, ६.८ या म्हशी. मशीनचे त्याच क्रमाने ३.५, ३.८, ३.७, ४.० आणि ६.३, ६.९, ६.२, ६.५. सरासरी ५.२६ विरुद्ध ५.११. मग फरक खरा की योगायोगाचा ते तपासणाऱ्या टी-टेस्टचा फॉर्म्युला टाकला, p (खरा फरक नसतानाही एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) आला ०.८४, झालं, फरक नाही, विषय संपला.

आता ते आकडे नुसते डोळ्यांनी वाचा. आठातल्या सात ठिकाणी मशीन कमी, एका ठिकाणी सारखं, जास्त एकदाही नाही. काकांनी एक्सेल उघडलं नव्हतं पण त्यांना हेच दिसत होतं ना!

मी फॉर्म्युल्यावर क्लिक केलं. शेवटी २ होतं. एक्सेलमध्ये तो शेवटचा आकडा टेस्टचा प्रकार सांगतो, १ म्हणजे पेअर्ड, २ म्हणजे दोन वेगवेगळे गट, आणि इथे तर दोन्ही कॉलममध्ये दूध तेच. २ टाकलं की एक्सेल समजतं ही आठ वेगळी जनावरं आणि ती आठ वेगळी, मग गाय-म्हशीतला सरासरी पावणेतीन पॉइंटचा फरक सगळा गोंगाट म्हणून धरला जातो आणि त्यात ०.१५ कुठे ऐकू येणार, t (फरक गोंगाटाच्या किती पट आहे तो आकडा) निघतो जेमतेम ०.२.

सचिवांसमोरच तिसरा कॉलम केला, गर्बर वजा मशीन. ०.१, ०.२, ०.१, ०.२, ०.२, ०.१, ०, ०.३. गाय-म्हैस गायब! पेअर्ड टेस्ट म्हणजे एवढंच, या एका कॉलमची सरासरी शून्यापासून किती लांब आहे ते बघायचं. सरासरी ०.१५, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) ०.०९३, त्याला आठच्या वर्गमुळाने भागलं की ०.०३३, म्हणून t झाला ४.५८. सात डिग्री ऑफ फ्रीडमला (आठ जोड्या वजा एक) ५ टक्क्यांची रेघ, जिच्यापुढे फरक नुसता योगायोग मानत नाहीत, २.३६५ वर असते. २ च्या जागी १ टाकला, p ०.८४ वरून ०.००२५ च्या आसपास. सचिव दोनदा चष्मा पुसून बघत होते.

ही युक्ती जुनीच आहे. डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीतल्या गॉसेटने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने पेपर लिहिला, त्यातलं उदाहरण दहा रुग्णांच्या झोपेचं, त्याच माणसांना दोन औषधं. ते आकडे आजही शिकवायला वापरतात, जोड्या मोडून टेस्ट केली तर p ०.०८ च्या जवळ, जोड्या ठेवल्या तर ०.००३. (बिअरवाल्याने काढलेली टेस्ट फेणीच्या गावात दुधाला कामी आली, चालायचंच.)

पण टेस्ट फक्त एवढंच सांगते की दोघं वेगळं बोलतायत, खरं कोण ते नाही. म्हणून गर्बर मी परत समोर लावली. १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, वर हळूच १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवलं की बाटली फडक्यातूनसुद्धा चटका देते आणि आतलं सगळं तपकिरी होतं. सेंट्रिफ्यूज, मग ६५ डिग्रीच्या पाण्यात, आणि मानेत पिवळी फॅटची पट्टी. काकांनी स्वतः वाकून वाचली. गर्बर बरोबर होती.

फरकांचा कॉलम अजून एका कामाला आला. गाईंचा सरासरी फरक ०.१५, म्हशींचाही ०.१५, म्हणजे फॅट वाढलं म्हणून चूक वाढत नव्हती, मशीन सरसकट खाली वाचत होतं. तसं असेल तर ऑफसेट (प्रत्येक वाचनात मिळवला जाणारा ठराविक आकडा) बदलून भागतं. मशीनवाल्याला फोन केला, त्याने दुसऱ्या दिवशी येऊन सेटिंग केलं, आणि आता अधूनमधून काही नमुने दोन्हीकडे लावायचे असं ठरलंय. मी एकच अट घातली, एका शेतकऱ्याचा एकच नमुना, नाहीतर एकाच म्हशीचं सकाळ-संध्याकाळचं दूध दोन जोड्या म्हणून मोजतील आणि पुरावा उगाच फुगेल.

मागच्या बिलांतले ०.१५ परत द्यायचे की नाही यावर समितीत अजून वाद चालू आहे. काका प्रत्येक मीटिंगला पहिल्या खुर्चीत असतात म्हणे.