काचेवरचा थेंब

नववीत असताना प्रयोगशाळेत विज्ञानाच्या सरांनी स्वतःचे बोट टोचून रक्ताचे दोन थेंब दोन काचपट्ट्यांवर ठेवले. त्यांपैकी एका पट्टीवर त्यांनी आधीच मेणाचा पातळ थर चढवला होता. दर अर्ध्या मिनिटाने टाचणीचे टोक थेंबातून अलगद ओढून वर उचलायचे, एवढे काम माझ्याकडे होते. साध्या काचेवर पाचव्या मिनिटाला टाचणीबरोबर केसासारखा बारीक तंतू वर आला. मेणावरचा थेंब नवव्या मिनिटालाही पातळच होता. असे का, म्हणून मी विचारले, तेव्हा सर म्हणाले, “काच परकी आहे, हे रक्ताला कळते.”

आज मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि सरांच्या त्या वाक्यामागे केवढे शास्त्र होते, हे मला जवळून माहीत आहे. रक्तद्रवात अनेक एन्झाइमे निष्क्रिय पूर्वरूपात वाहत असतात. काचेच्या ऋणभारित पृष्ठभागाचा स्पर्श होताच त्यांपैकी ‘बारावा घटक’ (फॅक्टर XII) या नावाचे एन्झाइम जागे होते आणि रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. मेणावर तसा भार नसल्यामुळे त्याला जाग यायला वेळ लागतो. या घटकाला हेगमन घटक असेही म्हणतात. जॉन हेगमन या रेल्वे कामगाराचे रक्त काचेच्या नळीत फारच उशिरा गोठत असे, पण जखम झाल्यावर त्याला जास्त रक्तस्राव कधीच झाला नाही. रॅटनॉफ आणि कोलोपी या संशोधकांनी 1955 साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. पदव्युत्तर शिक्षण घेताना ती वाचून मी अस्वस्थ झाले, कारण रक्तस्राव थांबवण्यासाठी या एन्झाइमाची गरजच नसेल, तर ते शरीरात आहे तरी कशासाठी, हा प्रश्न मला सोडेना.

त्याच्या उत्तराचा मोठा भाग दाहप्रक्रियेत आहे. जागा झालेला बारावा घटक प्रीकॅलिक्रीन या निष्क्रिय पूर्वरूपाचे रूपांतर कॅलिक्रीन या सक्रिय एन्झाइमात करतो, कॅलिक्रीन उलटून आणखी बारावा घटक जागा करते, आणि त्याच वेळी कायनिनोजेन या मोठ्या प्रथिनातून नऊ अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा कापून काढते. हा तुकडा म्हणजे ब्रॅडीकायनिन. ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली रक्तद्रवात जराराका सापाचे विष मिसळून तो प्रथम ओळखला. ब्रॅडीकायनिनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपतो आणि वेदनेच्या चेता चेतवल्या जातात. लाली, ऊब, सूज आणि ठणका ही दाहाची चारही जुनी लक्षणे यातून उभी राहू शकतात. रक्तात त्याचे आयुष्य अर्ध्या मिनिटाहूनही कमी असते. एसीई नावाचे एन्झाइम त्याचे तुकडे करते, आणि म्हणूनच हे एन्झाइम रोखणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काही रुग्णांना कोरडा खोकला लागतो.

या साखळीला लगाम घालणाऱ्या सी-1 इन्हिबिटर या प्रथिनाची जन्मजात उणीव असली, तर काय होते, हे मी एका तरुणीच्या बाबतीत पाहिले. तिचे ओठ आणि पापण्या वारंवार सुजत; खाज नसे, पित्ताच्या गांधी नसत, आणि तरीही एका ठिकाणी कित्येक वर्षे तिला ॲलर्जीचीच औषधे दिली गेली होती. ती लागू पडणे शक्यच नव्हते, कारण सूज ॲलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनाची नव्हती, ब्रॅडीकायनिनची होती. अशी सूज घशात उतरली, तर श्वास कोंडून जीव जाऊ शकतो, म्हणून ही चूक मला आजही सहन होत नाही. तिच्या रक्तात सी-1 इन्हिबिटर अगदी कमी निघाले आणि त्यानंतर तिच्यावर योग्य उपचार सुरू झाले.

बाराव्या घटकाच्या आणि कॅलिक्रीनच्या तपासणीसाठी रक्त प्लास्टिकच्या नळीत घ्यावे लागते. साध्या काचेच्या नळीत घेतले, तर तपासणीआधीच एन्झाइमे जागी होतात. नव्या तंत्रज्ञांना ही सूचना देताना मी कारणही सांगते, आणि ते सरांच्याच शब्दांत सांगते.