तुम्ही विचारलंत म्हणून: बोट का सोडली

निपाणीच्या स्टँडवर, लग्नात, बारशात, सगळीकडे तेच. "काय वो, डॉलरची नोकरी सोडून का आलासा?"

आजवर आईचं आजारपण सांगितलं, शेत सांगितलं. खोटं नाही ते. पण ते काही नसतं तरी मी आलो असतो.

तेलाच्या टँकरवर अकरा वर्षं काढली. घाबरून पळाला म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकावं. सौदीच्या रास तनुरा बंदरात क्रूड, म्हणजे कच्चं तेल, भरताना डेकवर काडी ओढायची सोय नसते. टाकीत इनर्ट गॅस, म्हणजे पेट न घेणारा वायू, सोडून ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवतात, म्हणजे ठिणगी पडली तरी पेट घेत नाही. अशा हवेत माणूसही जगत नाही, हे मला बोटीवर जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आजोळी, अथणीकडे, ज्वारीची पेवं होती, जमिनीखाली धान्य साठवायचे खोल खड्डे. पेव उघडलं की आजोबा आधी दोरीनं कंदील सोडत, पार तळापर्यंत. विझला तर त्या दिवशी कुणी उतरत नसे.

बोटीवर त्या दिवशी टाकी धुऊन झाली होती, पंख्यांनी हवाही मारली होती. तोंडाशी ऑक्सिजनचा मीटर धरला: २०.९ टक्के. बाहेरच्या हवेत असतो तेवढाच. आत उतरायच्या परवानगीच्या कागदावर सही झाली. अंगावर लावायचे छोटे मीटर तेव्हा आमच्याकडे नव्हते. माझं काम वर उभं राहून वेळ लिहायचं. रत्नागिरीकडचा पोरगा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, शिडीवरून उतरला. मी ९.४० लिहिलं. त्याच्या विजेरीचा उजेड खाली खाली गेला, तळाशी थोडा हलला, आणि एका जागी थांबला.

हाक मारली. पुन्हा मारली.

उतरायचं नाही, हा नियम. टाकीत मरणाऱ्यांत वाचवायला गेलेलेच पुष्कळ असतात. मी वॉकीटॉकीवर ओरडलो आणि कठडा धरून उभा राहिलो. सिलिंडर लावून दोघं येईपर्यंत तो उजेड तसाच होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. किती मिनिटं, ते विचारू नका. त्याला वर आणलं तेव्हा सगळं संपलं होतं. बाहेर आल्याची वेळ लिहायच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही. नंतर कुणी लिहिलं, तेही बघितलं नाही.

उतरलो नाही याचा पस्तावा नाही. हे वाक्य लिहून मी थांबलो, खरं आहे का ते बघायला. बहुतेक दिवस खरं असतं.

पण मीटर तळापर्यंत सोडला का, हे मी विचारलं नव्हतं. अख्ख्या बोटीवर पेव बघितलेला मी एकटाच होतो. तेव्हाचा मी म्हणतो, तू साधा खलाशी, सही झालेल्या कागदावर तुझं कोण ऐकणार? आत्ताचा मी म्हणतो, विचारायचं तरी होतंस. तो म्हणतो, विचारून पोरगा वाचला असता कशावरून? दरवेळी इथंच अडतं.

पुढं आणखी एक कॉन्ट्रॅक्ट केलं. टाकीच्या तोंडाशी वेळ लिहायची पाळी आली की पेन हातातच राहायचं. मग साइन ऑफ करून आलो.

स्टँडवर भेटलात तर मी आईचं आजारपणच सांगेन. उभ्या उभ्या एवढं बोलता येत नाही.