पाय उचला म्हणून ओरडू नका

माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये दोन टोकांची माणसं येतात. सकाळी लवकर कबड्डी नि क्रिकेटची पोरं, कुणाचा घोटा मुरगळलाय, कुणाचं एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या लिगामेंटचं, ऑपरेशन झालंय, आणि जरा उन्हं वर आली की पार्किन्सन्सचे आजी-आजोबा, कारण तोवर त्यांची सकाळची गोळी लागू झालेली असते. बरेच जण विचारतात की मॅडम, एकच काहीतरी धरा ना, स्पोर्ट्स तरी करा नाहीतर म्हाताऱ्यांचं तरी. पण मला हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत, दोघांनाही मी दिवसभर एकच गोष्ट सांगत असते की बाबांनो पायात लक्ष घालू नका, बाहेर कुठेतरी ठेवा.

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. पण घरच्यांचा जीव खरा कशाने जातो तर फ्रीझिंगने. माणूस हॉलमधून बरा चालत येतो आणि दार आलं, उंबरा आला, लिफ्ट आली की जागीच खिळतो. माझे एक पेशंट आहेत, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले काका. त्यांच्या घरी गेले होते तेव्हा ते बाथरूमच्या दारात अडकलेले, टाचा वर, गुडघे लटलट कापतायत, चवडे मात्र फरशीला चिकटलेले, आणि काकू मागून, "अहो उचला ना पाय, किती वेळ तो!" असं म्हणत म्हणत पुढे आल्या आणि हाताला धरून ओढायला लागल्या. हे बहुतेक सगळ्या घरांत होतं आणि यानेच माणूस पडतो, कारण धड पुढे येतं आणि पाय मागेच राहतात. आणि 'पाय उचला' हे तर त्या माणसाला माहितीच असतं हो! तो मनातल्या मनात तेच ओरडत असतो.

होतं असं की चालणं हे आपण विचार करून करत नाही. पहिलं पाऊल टाकलं की पुढची आपोआप पडतात, आणि हे आपोआप चालू ठेवायचं काम ज्या भागांकडे असतं त्यात मेंदूच्या आत खोलवर असलेला बेसल गँग्लिया नावाचा भाग फार महत्त्वाचा. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन हे मेंदूतलं रसायन कमी होतं आणि तिथलीच गाडी बिघडते. पण डोळ्यांनी काहीतरी बघून किंवा कानाने काहीतरी ऐकून हालचाल करायचा जो दुसरा रस्ता आहे तो बऱ्यापैकी शाबूत असतो. म्हणून सपाट फरशीवर खिळलेला माणूस जिना चढून जातो आणि घरच्यांना वाटतं नाटकं करतायत. नाटकं नाहीत ती.

काकांकडे मी एवढंच केलं की स्टेशनरीच्या दुकानातून जाड लाल चिकटपट्टी आणली आणि बाथरूमच्या दाराच्या अलीकडून पलीकडे आडव्या पट्ट्या मारल्या, त्यांच्या एका पावलाएवढं अंतर ठेवून. चालण्याच्या दिशेला समांतर मारल्या तर उपयोग नाही, आडव्याच पाहिजेत, ओलांडायला. काका गेले की सरळ आत! काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी काही मंत्र टाकलाय. यात माझं काही नाही, पार्किन्सन्सचे पेशंट जमिनीवरच्या आडव्या रेषांवरून बरे चालतात हे इंग्लंडच्या पर्डन मार्टिन या न्यूरॉलॉजिस्टने १९६७ मध्येच लिहून ठेवलंय. आपल्या पुण्याच्या मिलेहा सोनेजीचं पण भाषण ऐका जमलं तर. तिच्या काकांना पार्किन्सन्स होता, सपाट जमिनीवर वॉकर लागायचा पण जिना मस्त उतरायचे, तर हिने नेदरलँड्समध्ये डिझाइन शिकताना जिना भासेल असं चित्र काढून घराच्या जमिनीवर चिकटवलं आणि काका त्यावरून चालत गेले. कुठलं मशीन नाही, बॅटरी नाही.

नेदरलँड्समधल्याच नाइमेखनची एक केस आमच्या लायनीत सगळ्यांना माहीत असते. ५८ वर्षांचा माणूस, १० वर्षं पार्किन्सन्स, चार पावलं टाकताना पडायचा, आणि सायकलवर बसवलं तर झकास चालवत जायचा, वळून परत यायचा, आणि उतरला की पुन्हा खिळला. ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ही केस छापली, तिचा व्हिडिओही आहे. पण म्हणून आजोबांना लगेच रस्त्यावर सायकल देऊ नका, आपल्याकडचं ट्रॅफिक नाइमेखनचं नाही. जागेवरची सायकल घ्या.

डोळ्यांसारखाच कान. अमेरिकेतल्या थॉट यांनी १९९६ मध्ये पेशंटना तीन आठवडे घरी ठेक्यावर चालायला लावलं, चालण्याचा वेग साधारण २५ टक्क्यांनी वाढला. मी आधी मोबाइलवरचं ठेका देणारं मेट्रोनोम लावून द्यायचे, ते टिकटिक टिकटिक म्हाताऱ्यांना अजिबात आवडत नाही. एक आजी म्हणाल्या, बाळा हे बंद कर, आणि स्वतःच ज्ञानोबा-तुकाराम म्हणत टाळ्या वाजवत पावली धरली. आयुष्यभर वारीत गेलेलं शरीर. त्या ठेक्यावर आजी माझ्या हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाला एकदाही न अडकता गेल्या, तेव्हापासून मी ठेका पेशंटलाच निवडू देते.

आता सकाळची पोरं. कबड्डीत घोटा मुरगळणं म्हणजे रोजचं, आणि एकदा मुरगळला की पुन्हा मुरगळायची शक्यता वाढते, म्हणून त्यांना डगमगत्या फळीवर, वॉबल बोर्डवर उभं करतो. पोरगा उभा राहतो आणि सगळं लक्ष घोट्यात, दात ओठ खाऊन, आणि फळी धडाधड आपटते. त्याला सांगते, घोटा विसर, फळीची कड जमिनीला लागू देऊ नको एवढंच बघ. थोड्या वेळात फळी शांत होते. याचंही संशोधन आहे. गॅब्रिएले वुल्फ यांनी १९९८ मध्ये लोकांना स्कीइंगच्या सिम्युलेटरवर चढवलं, काहींना सांगितलं पायाने जोर लावा, काहींना सांगितलं पायाखालच्या चाकांवर जोर लावा. बघायला गेलं तर एकच गोष्ट, पाय चाकांच्या वरच आहे ना! तरी चाकांवाले जास्त चांगलं शिकले.

मुरलेल्या खेळाडूंचं तर विचारूच नका. २००२ मध्ये बायलॉक आणि मंडळींनी अनुभवी फुटबॉलपटूंना ड्रिबल करताना पायाची कुठली बाजू बॉलला लागतेय तिकडे लक्ष द्यायला सांगितलं, तर त्यांच्या नेहमीच्या उजव्या पायाचा खेळ बिघडला. कमी सवयीच्या डाव्या पायाचा नाही बिघडला, उलट सुधारला. म्हणजे जे अंगात मुरलंय त्यात डोकं घातलं की घोटाळा. आपले काही कोच मॅचच्या मधेच बाउंड्रीवरून "एल्बो वर! एल्बो!" करत असतात ना, त्यांना मी कधीतरी हे ऐकवणार आहे.

फरक एवढाच की पोरांचं 'आपोआप' ठणठणीत आहे आणि ते त्यात ढवळाढवळ करतात, काकांचं 'आपोआप' बिघडलंय म्हणून त्यांना दुसरं काहीतरी धरायला लागतं. आणि यातूनच एक गोष्ट येते जी घरच्यांनी पाळलीच पाहिजे, चालताना गप्पा नकोत. म्हातारपणी चालणं लक्ष देऊन करावं लागतं, त्यात बोलणं आलं की लक्ष वाटलं जातं. स्वीडनमध्ये १९९७ मध्ये वृद्धाश्रमातल्या ५८ जणांना चालताना सहज काहीतरी विचारलं गेलं, १२ जण उत्तर द्यायला थांबले, आणि त्यातले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. तेव्हा नातवाचा फोन आला तर आधी खुर्चीत बसवा, मग फोन द्या.

व्यायाम किती, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे उत्तर ठरलेलं, हलकं फिरा, जपून करा. २०१८ मध्ये आलेल्या स्पार्क्स नावाच्या अमेरिकन ट्रायलमध्ये अजून औषधं सुरू न झालेले १२८ पेशंट होते. ट्रेडमिलवर हृदयाचा वेग कमाल वेगाच्या ८० ते ८५ टक्के नेणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास तिथेच राहिली आणि नेहमीसारखं राहणाऱ्यांची वाढली. म्हणजे घाम आला पाहिजे! अर्थात हृदयाची तपासणी करून आणि कुणीतरी शेजारी उभं असताना. तोलासाठी ताई ची हा संथ चिनी व्यायाम चांगला, ओरेगनमध्ये १९५ पेशंटवरचा अभ्यास २०१२ मध्ये आला, आठवड्यातून दोनदा असं २४ आठवडे केलं तर नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा पडणं कमी झालं. आपल्याकडे ताई ची शिकवणारे शोधावे लागतात, तोवर मी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेण्याचे साधे प्रकार करून घेते, ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून.

हे सगळं सगळ्यांना लागू पडतं असं नाही. काहींना पट्ट्यांचा काहीच उपयोग होत नाही, काहींना सुरुवातीला होतो मग डोळे सरावतात, मग रंग बदल, जागा बदल, पट्टीवरून ठेक्यावर जा असं करावं लागतं. अडकलंच कुणी तर ओढू नका. थांबू द्या, श्वास घेऊ द्या, डावीकडे-उजवीकडे थोडं डुलू द्या आणि एक-दोन-तीन म्हणून मोठं पाऊल.

सगळ्यात अवघड वळणं. जागच्या जागी गर्रकन वळायला गेलं की पाय एकमेकांत अडकतात, म्हणून जागा असेल तर मोठा वळसा घ्यायचा, आणि कोपऱ्यात पट्ट्या मारायच्या तर पंख्यासारख्या पसरून मारायच्या. काकांना मी हे नीट समजावून सांगत होते तर त्यांनी मला मधेच तोडलं, "अहो मॅडम, एसटी कधी जागेवर वळते का?" आणि सोफ्याला लांबून वळसा घालून गेले. काकूंनी टीपॉय हलवलाय आता.