जिवंत लस, मेलेली लस आणि दारातली आशाताई

मला किडनी आईनं दिली. ऑपरेशन पुण्यात झालं, पण लसीकरणाची खरी वणवण कोल्हापूरला परतल्यावर सुरू झाली. रोज टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड. नवी किडनी शरीरानं परकी म्हणून झिडकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची, आणि त्याच दाबलेल्या शक्तीला लस टोचून 'आता शीक' म्हणायचं. सुरुवातीला औषधांचा जोर जास्त, लस फारशी लागू होत नाही, म्हणून सहा महिने थांबायला सांगितलं होतं.

मग चिठ्ठी मिळाली, फ्लू आणि न्यूमोनियाची. जवळच्या एका दवाखान्यात गेलो, तर "ट्रान्सप्लांटवाल्याला लस चालत नाही" म्हणून परत पाठवलं. पुण्याच्या हॉस्पिटलातल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "जिवंत जंतूंची नको. गोवर, कांजिण्या, नाकात मारायची फ्लूची, या बंद. मेलेल्या जंतूंची इंजेक्शनं घ्यायलाच पाहिजेत." हे त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घेतलं. गोवर-कांजिण्यांचं खरं तर ऑपरेशनआधीच बघायला हवं होतं, पण डायलिसिसच्या धबडग्यात ते कुणाच्या डोक्यात होतं!

कागद दाखवल्यावर त्याच दवाखान्यात काम झालं. न्यूमोनियाची आधी एक लस, आठ आठवड्यांनी जंतूच्या २३ प्रकारांवरची दुसरी. फ्लूची दरवर्षी, मी पावसाळ्याच्या तोंडावर घेतो. हिपॅटायटिस बी डायलिसिसवर असतानाच झाली होती, दुप्पट डोसची चार इंजेक्शनं. तरी टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासलं तर १० च्या खाली, म्हणजे अपुरं! परत दंड पुढे केला.

मला लस कमी लागू होते, म्हणून घरच्यांनीही फ्लूची घ्यायची. आईनं लगेच घेतली. बाबा म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" दोन दिवस आई त्यांच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी घेतली.

खरी पंचाईत पुतण्याच्या पोलिओची झाली. थेंबातला विषाणू जिवंत, तो बाळाच्या शीतून बाहेर पडत राहतो. वहिनींनी बालरोगतज्ज्ञांना माझ्या औषधांची यादीच दाखवली, त्यांनी पोलिओचं इंजेक्शनच दिलं. रोटाव्हायरसचे थेंब मात्र द्यायचे, फक्त नंतर काही आठवडे लंगोट मी बदलायचे नाहीत. ही अट मी फार निष्ठेनं पाळली.

पल्स पोलिओच्या आठवड्यात आशाताई दारात. बाळाच्या करंगळीला शाई नाही. "थेंब का दिले नाहीत?" वहिनींनी इंजेक्शनचं कार्ड दाखवलं, मी लेटरहेडचा कागद. ताईंनी तो दोनदा वाचला, मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाल्या, "आमच्या वस्तीत अजून एक किडनीवाले काका हैत, त्यांना दाखवते."