जायफळ आणि ग्रेनेडा

आज पुरणात जायफळ किसताना सतत ग्रेनेडा आठवत होता. कॅरिबियनमधला अवघा ३४४ चौरस किलोमीटरचा देश, आणि थेट राष्ट्रध्वजावर जायफळ!

तिथे हे झाड १८४३ च्या सुमारास रुजलं.

फळातल्या बीवरची लालभडक जायपत्री सोलून वेगळी काढतात. ग्वाव्ह गावातल्या जायफळ केंद्रात बिया लाकडी ट्रेमध्ये सहा ते आठ आठवडे सावलीत वाळवतात आणि अधूनमधून दाताळ्याने परततात. उन्हात का नाही? आतली चरबी वितळते, गर तडकतो. टरफलात बी खुळखुळू लागली की वाळली. मग टरफल फोडून पाण्यात टाकायची: भरीव जायफळ बुडतं ते मसाल्याला, तरंगतं ते तेलाला.

७ सप्टेंबर २००४ ला ‘आयव्हन’ चक्रीवादळ आलं आणि या देशाची बहुतेक जायफळाची झाडं आडवी झाली. मुळं उथळ, तग धरणार कशी? पुन्हा लावायचं तर पहिलं फळ यायलाच सहा-सात वर्षं. त्यातही नर-मादी झाडं वेगळी, आणि बियांपासून लावलेलं रोप नर की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही. म्हणजे इतकी वर्षं जपलेलं निम्मं रान फळच देत नाही. म्हणून कलमं करणं मोलाचं. वयस्क शेतकऱ्याने ही वाट किती पाहायची? अनेकांनी पाहिलीच नाही, आणि मला त्यांचा अजिबात राग येत नाही.